मॉरिशसमधील प्रवेशनियमांचा इतिहास : करारबद्ध मजुराच्या तिकिटापासून पर्यटकाच्या व्हिसापर्यंत

प्रस्तावना

हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस वसलेल्या मॉरिशस बेटाचे क्षेत्रफळ सुमारे २,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या साधारण एक चतुर्थांश आहे. या बेटावर मूळचे असे कोणीही रहिवासी नव्हते. आज तेथे राहणाऱ्या प्रत्येक नागरिकाचा कोणी ना कोणी पूर्वज गलबताने वा आगबोटीने तेथे उतरलेला आहे. त्यामुळे मॉरिशसचा इतिहास हा एका अर्थाने आगमनांचाच इतिहास ठरतो. कोणास येऊ द्यावे, कोणत्या अटींवर येऊ द्यावे आणि आलेल्यास कोठवर फिरू द्यावे, हे प्रश्न या बेटावरील प्रत्येक राजवटीपुढे होते.

प्रवेशनियमांकडे सामान्यतः प्रशासकीय बाब म्हणून पाहिले जाते. पारपत्र, व्हिसा, परतीचे तिकीट, आरोग्यविषयक घोषणापत्र ही प्रवाशाच्या दृष्टीने केवळ पूर्तता करावयाची कागदपत्रे असतात. परंतु हे नियम कोणत्या हेतूने निर्माण झाले आणि कोणावर लागू झाले, याचा मागोवा घेतल्यास त्यांच्यामागील आर्थिक व सामाजिक हितसंबंध स्पष्ट होतात. वसाहतकालीन व स्वातंत्र्योत्तर कायदे, चौकशी आयोगांचे कार्य आणि आधुनिक इतिहासकारांचे संशोधन यांच्या आधारे मॉरिशसच्या प्रवेशनियमांचा विकास तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. श्रमासाठी येणारा आणि खर्च करण्यासाठी येणारा, असा जो भेद या नियमांच्या मुळाशी आहे, तो राजवटी बदलल्या तरी टिकून राहिला, हे येथे प्रामुख्याने मांडावयाचे आहे.

१. निर्मनुष्य बेटावरील आगमने

१५९८ मध्ये डच दर्यावर्दी या बेटावर उतरले व त्यांनी नासाऊच्या मॉरिस या राजपुत्राचे नाव बेटास दिले. १६३८ मध्ये सुरू झालेली डच वसाहत १७१० पर्यंत कायमची मोडली. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेटाचा ताबा घेतला. त्यांच्या काळात आफ्रिका व मादागास्कर येथून मोठ्या प्रमाणावर गुलाम आणण्यात आले. १८१० मध्ये ब्रिटिशांनी हे बेट जिंकले आणि १८१४ च्या पॅरिस तहाने त्यांच्या सत्तेवर शिक्कामोर्तब झाले.

या प्रारंभीच्या काळात प्रवेशाचा प्रश्न मुख्यतः मालकीचा होता. गुलाम हा कायद्याच्या दृष्टीने प्रवासी नव्हता, तर माल होता. त्याची नोंद होई ती मालकाच्या मत्तेत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली, तेव्हा उसाच्या मळ्यांना मजूर कोठून मिळणार, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर ब्रिटिशांनी हिंदुस्थानात शोधले. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कथित संमतीने आणि कागदोपत्री नोंद होऊन येणारा मनुष्य या बेटावर मोठ्या संख्येने अवतरला तो या टप्प्यावर.

२. करार, घाट आणि तिकीट

कलकत्त्याहून निघालेले 'अॅटलस' हे जहाज २ नोव्हेंबर १८३४ रोजी ३६ हिंदी मजुरांना घेऊन पोर्ट लुई बंदरात आले. हे मजूर छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातील होते. २ नोव्हेंबर हा दिवस मॉरिशसमध्ये आज राष्ट्रीय सुट्टीचा दिवस म्हणून पाळला जातो. सुरुवातीची ही ने-आण बहुतांशी खासगी व्यापाऱ्यांच्या हाती होती. कंपनी सरकारने १८३७ च्या पाचव्या कायद्यान्वये तीवर पहिले ठळक नियंत्रण आणले. परदेशी जाणाऱ्या मजुराने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे उपस्थित राहावे, कराराच्या अटी त्यास समजावून सांगितल्या जाव्यात आणि त्यानंतरच त्यास जाण्याची परवानगी मिळावी, असे या कायद्याने ठरविले. मजुराची 'संमती' नोंदविणे हे राज्यसंस्थेचे काम झाले. स्थलांतराच्या इतिहासाच्या अभ्यासक राधिका मोंगिया यांनी नेमक्या याच बाबीकडे लक्ष वेधले आहे. आधुनिक राज्याने मनुष्याच्या प्रवासावर जे अधिकार मिळविले, त्यांची एक सुरुवात या करारबद्ध मजुरांच्या नियमनात आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

फसवणूक व हालअपेष्टांच्या तक्रारींमुळे १८३८-३९ मध्ये ही मजूरभरती थांबविण्यात आली. १८४२ च्या पंधराव्या कायद्याने कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून ती पुन्हा सुरू झाली आणि १८४३ या एकाच वर्षात तीस हजारांहून अधिक हिंदी मजूर मॉरिशसमध्ये उतरले. मुंबई बंदरातून गेलेल्यांचे प्रमाण एकूण संख्येच्या मानाने अल्प होते. रत्नागिरी, सातारा व लगतच्या प्रदेशांतील मराठीभाषक कुटुंबे याच मार्गाने बेटावर पोहोचली. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी देणाऱ्या आणि शाळांतून मराठीच्या शिक्षणाची सोय असणाऱ्या आजच्या मॉरिशसमधील मराठी समाजाचे मूळ या प्रवासात आहे.

पोर्ट लुई येथे १८४९ मध्ये उभारलेल्या आप्रवासी केंद्रात जहाजातून उतरलेल्या प्रत्येकाची नोंद होई. पूर्वी 'कुली घाट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या स्थानास आज 'आप्रवासी घाट' म्हणतात व २००६ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. सुमारे पाच लाख हिंदी मजूर या बेटावर आले. त्यांपैकी काही येथून पुढे अन्य वसाहतींकडे रवाना झाले. नोंदवहीत नाव, पित्याचे नाव, जात, गाव, वय, उंची, शरीरावरील खुणा आणि जहाज यांची माहिती लिहिली जाई आणि प्रत्येकास एक क्रमांक मिळे. हा क्रमांक असलेले तिकीट मजूर जवळ बाळगत असे. अनेकजण ते पत्र्याच्या लहानशा डबीत जपून ठेवीत.

वरवर पाहता हा आजच्या प्रवेशनोंदीचाच प्रकार वाटतो. परंतु दोहोंत मूलभूत फरक आहे. आजच्या व्हिसावर परदेशी मनुष्याने किती दिवसांनंतर परत जावे, हे लिहिलेले असते. करारबद्ध मजुराच्या तिकिटाचा हेतू याच्या नेमका उलट, त्याने जाऊ नये, हा होता. प्रारंभी मिळणारा मोफत परतीचा प्रवासही १८५० च्या दशकाच्या सुरुवातीस बंद करण्यात आला. बेटाचे दार आत येण्यासाठी सताड उघडे होते. बाहेर पडण्यासाठी मात्र ते जवळजवळ बंद होते.

३. १८६७ चे ऑर्डिनन्स : बेटाच्या आतील सीमा

१८६१ च्या जनगणनेपर्यंत बेटाच्या लोकसंख्येत हिंदी लोकांचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक झाले होते. पाच वर्षांची मुदत पूर्ण केलेल्यांना 'जुने आप्रवासी' म्हटले जाई. यांपैकी अनेकजण मळ्याबाहेर पडून भाजीपाला पिकविणे, गाडी हाकणे, किरकोळ विक्री करणे असे व्यवसाय करू लागले. मळेमालकांना हे गैरसोयीचे होते, कारण मजूर मोकळा झाला की मजुरीचा दर वाढे.

१८६७ च्या ३१ क्रमांकाच्या ऑर्डिनन्सने यावर उपाय योजला. प्रत्येक जुन्या आप्रवाशाने स्वतःचे छायाचित्र असलेले तिकीट बाळगावे, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाताना पोलिसांचा परवाना घ्यावा, आणि तिकीट जवळ नसल्यास भटक्या समजून त्यास अटक व्हावी, अशी त्यातील तरतूद होती. जगात सर्वसामान्य पारपत्रावर छायाचित्र लावण्याची पद्धत पहिल्या महायुद्धाच्या काळात रूढ झाली. मॉरिशसमधील हिंदी मजुराच्या वाट्याला ती त्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी आली होती. ओळखपत्रावरील छायाचित्राचे हे तंत्र आधी वसाहतीतील मजुरावर वापरले गेले, ही बाब पारपत्राच्या इतिहासात क्वचितच नोंदविली जाते.

या कायद्याविरुद्ध जर्मन वंशाचे मळेमालक आदोल्फ द प्लेवित्झ यांनी आवाज उठविला. १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या आप्रवाशांच्या वतीने एक अर्ज गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांच्यापुढे सादर करण्यात आला. त्यातून पुढे नेमल्या गेलेल्या शाही आयोगाने १८७५ मध्ये अहवाल दिला आणि भटकेपणाच्या नावाखाली होणाऱ्या छळाची दखल घेतली. १८७८ च्या मजूर कायद्याने परिस्थितीत काही सुधारणा झाली.

या कालखंडाविषयी इतिहासकारांत दोन दृष्टिकोन आढळतात. ह्यू टिंकर यांनी १९७४ च्या आपल्या ग्रंथात करारबद्ध मजुरीस गुलामगिरीचीच नवी पद्धत ठरविले. उलट मरीना कार्टर यांच्या संशोधनात मजुरांचे स्वतःचे निर्णय, परतून आलेल्या मुकादमांमार्फत झालेली भरती आणि नातेसंबंधांचे जाळे यांना महत्त्व दिले गेले आहे. प्रवेशनियमांच्या दृष्टीने पाहता हे दोन्ही दृष्टिकोन परस्परपूरक ठरतात. येण्याच्या निर्णयात मजुराची इच्छा असू शकत होती. आल्यानंतरच्या हालचालींवर मात्र तिचा अंमल राहत नव्हता.

४. आरोग्याची अट : विलगीकरणापासून रक्ततपासणीपर्यंत

बेटाच्या प्रवेशनियमांचा दुसरा धागा आरोग्याचा आहे. बंदिस्त भूप्रदेशात साथ वेगाने पसरते, हा अनुभव मॉरिशसला १८५४ च्या पटकीने दिला. त्यानंतर आलेल्या जहाजांवर कडक विलगीकरण लादले गेले. १८५६ मध्ये 'हायदरी' आदी दोन जहाजांतील मजुरांना मुख्य बेटावर उतरू न देता उत्तरेकडील गॅब्रिएल बेटावर ठेवण्यात आले. पुरेसा निवारा व पाणी नसलेल्या त्या जागी दोनशेहून अधिक मजूर मरण पावले. या घटनेमुळे हिंदुस्थान सरकारने मॉरिशसकडील मजूरभरती काही काळ स्थगित केली. पुढे फ्लॅट आयलंड येथे विलगीकरण केंद्र विकसित झाले. तरीही १८६६-६७ मध्ये हिवतापाने बेटास ग्रासले आणि तीस हजारांहून अधिक माणसे दगावली.

हिवतापाविरुद्धची ही लढाई विसाव्या शतकात प्रवेशनियमांचा भाग बनली. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मॉरिशस हिवतापमुक्त असल्याचे प्रमाणित केले. १९७५ च्या चक्रीवादळानंतर रोगाने पुन्हा डोके वर काढले आणि स्थानिक संसर्ग थांबविण्यास १९९० चे दशक उजाडले. या अनुभवातून हिवतापग्रस्त देशांतून येणाऱ्या प्रवाशांची विमानतळावर नोंद करून नंतर त्यांच्या मुक्कामी आरोग्य कर्मचाऱ्यांनी रक्ततपासणी करण्याची पद्धत दृढ झाली. भारतातून जाणाऱ्या प्रवाशाकडून आरोग्यविषयक माहिती का मागितली जाते, याचे उत्तर या इतिहासात आहे.

कोविड-१९ च्या साथीत हीच परंपरा पुन्हा कार्यान्वित झाली. १९ मार्च २०२० रोजी देशाच्या सीमा बंद करण्यात आल्या. १५ जुलै २०२१ पासून लसीकरण झालेल्या पर्यटकांना नेमून दिलेल्या हॉटेलांच्या आवारात राहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून दार पूर्णतः उघडले. १८५६ आणि २०२१ या दोन्ही वर्षी नियमाचे सूत्र एकच, आगंतुकास वेगळे ठेवण्याचे होते. परंतु मजुराचे विलगीकरण ओसाड खडकावर झाले आणि पर्यटकाचे समुद्रकिनाऱ्यावरील हॉटेलात.

५. उतारू हिंदी आणि करारपद्धतीचा शेवट

करारबद्ध मजुरांखेरीज स्वतःच्या खर्चाने येणारे हिंदी व्यापारीही मॉरिशसमध्ये होते. त्यांत गुजराती व्यापाऱ्यांचा भरणा मोठा होता. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन म्हणून ते येत आणि मजुराचे तिकीट त्यांना लागू नव्हते. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून मायदेशी परतताना मोहनदास गांधी मॉरिशसमध्ये थांबले, ते अशाच स्वतंत्र प्रवाशाच्या नात्याने. १९०७ मध्ये तेथे गेलेले बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर यांनी मजुरांचे खटले चालविले आणि १९०९ मध्ये 'हिंदुस्थानी' हे पत्र सुरू केले. एकाच साम्राज्याच्या दोन हिंदी प्रजाजनांपैकी एकास मुक्त संचार आणि दुसऱ्यास पोलिसी परवाना, अशी ही स्थिती होती. वर्णाबरोबरच वर्गाचाही निकष तेथे लागू होता.

हिंदुस्थानात या पद्धतीविरुद्ध लोकमत संघटित करण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांचा वाटा मोठा आहे. १९१० मध्ये नाताळकडील मजूरभरती थांबविण्याविषयीचा त्यांचा ठराव वरिष्ठ विधिमंडळात मान्य झाला. १९१२ मध्ये त्यांनी संपूर्ण करारपद्धतीच रद्द करण्याचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला, पण प्रश्न मागे पडला नाही. मॉरिशसकडील नियमित भरती १९१० मध्ये थांबली होती आणि १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारने करारबद्ध मजुरांची रवानगी बंद केली. १९२० च्या दशकाच्या प्रारंभी मजूर नेण्याचा अल्पकाळ पुन्हा प्रयत्न झाला, परंतु कुंवर महाराज सिंह यांनी १९२५ च्या अहवालात आणखी अकुशल मजूर पाठवू नयेत असे मत दिले. अशा रीतीने मजुरांसाठी सुमारे नव्वद वर्षे उघडे असलेले हे दार बंद झाले.

६. स्वातंत्र्योत्तर कायदे : पाहुणा आणि कामगार

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. त्या काळात साखरेवर अवलंबून असलेली अर्थव्यवस्था, वाढती लोकसंख्या आणि बेकारी हे देशापुढील मुख्य प्रश्न होते. १९६९ चा पारपत्र कायदा आणि १९७० चा आप्रवासन कायदा यांनी नव्या राष्ट्राच्या प्रवेशनियमांची चौकट घडविली. १९७३ च्या कायद्याने परदेशी नागरिकास परवान्याविना नोकरी करण्यास आणि १९७५ च्या कायद्याने स्थावर मालमत्ता घेण्यास निर्बंध घातले. स्वतःच्या नागरिकांचा रोजगार व जमीन सुरक्षित ठेवणे हा त्यामागील हेतू होता. परक्या मळेमालकांच्या हितासाठी शतकभर माणसे आणली गेलेल्या देशाने हे धोरण स्वीकारणे स्वाभाविक मानावे लागेल. १९७० च्या कायद्याची जागा पुढे २०२२ च्या आप्रवासन कायद्याने घेतली.

याच काळात पर्यटन हा अर्थव्यवस्थेचा आधारस्तंभ बनू लागला. २०१८ मध्ये सुमारे १४ लाख पर्यटकांनी मॉरिशसला भेट दिली. ही संख्या देशाच्या लोकसंख्येहून अधिक आहे. साहजिकच पर्यटकासाठीचे नियम उदार होत गेले. भारतीय नागरिकास पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा घ्यावा लागत नाही. वैध पारपत्र, परतीचे तिकीट, निवासाचा पुरावा आणि मुक्कामास पुरेल इतका पैसा असल्यास विमानतळावरच प्रवेश मिळतो. येथे नोकरी करू नये, ही त्याबरोबरची अट आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या 'प्रीमियम व्हिसा'ने तर परदेशातून उत्पन्न मिळविणाऱ्यास वर्षभर राहण्याची मुभा दिली. २००६ मध्ये गुंतवणूकदार व व्यावसायिकांसाठी एकत्रित परवाना लागू झाला आणि ठरावीक योजनांतील मौल्यवान मालमत्ता खरेदी करणाऱ्या परदेशी व्यक्तीस वास्तव्याचा परवाना मिळू लागला.

दुसरीकडे, कापड उद्योग, बांधकाम आदी क्षेत्रांसाठी बांगलादेश, भारत, नेपाळ, मादागास्कर या देशांतून कामगार आणले जातात. त्यांचा परवाना ठरावीक मालकाशी व ठरावीक कामाशी जोडलेला असतो. मालकाशी संबंध संपला की देशात राहण्याचा त्याचा आधारही डळमळीत होतो. या कामगारांची स्थिती एकोणिसाव्या शतकातील मजुरांसारखी आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांना देश सोडून जाण्याचे स्वातंत्र्य आहे, कायद्याचे संरक्षण आहे, भटकेपणाबद्दलची अटक नाही. तथापि, प्रवेशाचा अधिकार मनुष्यास न मिळता त्याच्या कामास मिळतो, हे जुने तत्त्व त्यात अजून शिल्लक आहे. करारबद्ध मजुरांच्या वंशजांनी घडविलेल्या राष्ट्रातच ते शिल्लक राहावे, हा इतिहासातील विरोधाभास विचार करावयास लावणारा आहे.

७. चागोस : आपल्याच बेटावर परवाना

प्रवेशनियमाचे सर्वांत कठोर रूप मॉरिशसच्या इतिहासात मुख्य बेटावर नव्हे, तर चागोस द्वीपसमूहात दिसते. स्वातंत्र्यापूर्वी, १९६५ मध्ये, ब्रिटनने हा द्वीपसमूह मॉरिशसपासून वेगळा केला. दिएगो गार्सिया येथे अमेरिकेस लष्करी तळ देण्यासाठी १९६८ ते १९७३ या काळात तेथील रहिवाशांना मॉरिशस व सेशेल्स येथे हलविण्यात आले. १९७१ च्या आप्रवासन ऑर्डिनन्सने परवान्याविना तेथे प्रवेश करणे वा राहणे बेकायदा ठरविले. पिढ्यानपिढ्या तेथे राहिलेली माणसे एका कायद्याने आपल्याच गावात परकी झाली.

२००० मध्ये ब्रिटिश उच्च न्यायालयाने हा कायदा अवैध ठरविला. २००४ मध्ये राजाज्ञेने बंदी पुन्हा लादली गेली व २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ती वैध मानली. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लागारी मतात चागोसचे विभाजन बेकायदा असल्याचे म्हटले. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन व मॉरिशस यांनी सार्वभौमत्वाविषयीच्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. त्यात दिएगो गार्सिया वगळता अन्य बेटांवर पुनर्वसनाची तरतूद आहे. १८६७ च्या ऑर्डिनन्सने मजुरास बेटात अडकविले, १९७१ च्या ऑर्डिनन्सने रहिवाशास बेटाबाहेर ठेवले. दोन्हींत साधन परवान्याचेच होते.

८. जुने दप्तर, नवा अधिकार

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत हिंदी आप्रवाशांच्या नोंदवह्या व छायाचित्रे जतन करण्यात आली आहेत. नियंत्रणासाठी तयार झालेले हे दप्तर आज वेगळ्याच कारणासाठी पाहिले जाते. आपला पूर्वज कोणत्या जहाजाने, कोणत्या गावातून आला, हे जाणण्यासाठी त्याचे वंशज तेथे येतात. मराठी वंशजांपुढील अडचण विशेष आहे. इंग्रजी वा फ्रेंच वळणाने ऐकून लिहिलेली गावांची व माणसांची नावे ओळखणे कठीण जाते. शिवाय पूर्वजाचे पहिले नावच पुढील पिढ्यांचे आडनाव बनल्याने कोकणातील मूळ कुळाशी दुवा जुळत नाही.

१२ मार्च २०२४ च्या सुमारास मॉरिशसच्या दौऱ्यावर असलेल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी, सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्डासाठी पात्र ठरविणारी विशेष तरतूद मंजूर झाल्याचे जाहीर केले. या कार्डधारकास भारतात आजीवन प्रवेशाची मुभा मिळते. पूर्वीची मर्यादा चौथ्या पिढीपर्यंतची असल्याने १८४० वा १८५० च्या दशकात गेलेल्यांचे अनेक वंशज तिच्याबाहेर राहत होते. आता पूर्वजाचे मूळ सिद्ध करण्यासाठी आधार पुन्हा त्याच नोंदवह्यांचा आहे. ज्या क्रमांकाने पणजोबांच्या पणजोबांस मळ्याशी बांधले, तोच क्रमांक आज वंशजास पूर्वजांच्या देशाचे दार उघडून देऊ शकतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. मॉरिशसच्या प्रवेशनियमांचा उगम परक्यास रोखण्याच्या गरजेतून झाला नाही, तर आणलेल्या मजुरास धरून ठेवण्याच्या गरजेतून झाला. छायाचित्रयुक्त ओळखपत्र, क्रमांकित नोंद, संमतीची तपासणी ही आधुनिक पारपत्रव्यवस्थेची अंगे तेथील हिंदी मजुरांच्या बाबतीत फार आधी वापरात आली. आरोग्यविषयक अटींमागे साथींचा खरा व दाहक अनुभव आहे. म्हणून त्या केवळ अडवणूक ठरत नाहीत, परंतु त्यांची झळ सर्वांना सारखी बसली नाही. श्रम विकणारा व पैसा खर्च करणारा यांच्यातील भेद स्वातंत्र्यानंतर सौम्य झाला, नाहीसा झाला नाही.

महाराष्ट्रातील इतिहास विभागांच्या दृष्टीने यातून एक कर्तव्यही सूचित होते. मॉरिशसच्या नोंदवह्यांत अपभ्रंशित झालेली गावांची नावे ओळखण्यासाठी कोकण व साताऱ्याच्या स्थानिक इतिहासाची जाण लागते, आणि ती जाण येथील प्राध्यापक व विद्यार्थ्यांपाशी आहे. मोक्याच्या दप्तरातील नावांचा येथील गावांशी मेळ घालण्याचे काम हाती घेतल्यास संशोधनाचे एक नवे क्षेत्र खुले होईल. त्याचबरोबर, केवळ लेखनिकाच्या कानाने चुकविलेल्या एका अक्षरामुळे आपले मूळ सिद्ध करू न शकणाऱ्या कुटुंबांना त्यांचा हक्क मिळण्यास साहाय्य होईल.